मोल्सवर्थ आडनावाची शोधाशोध: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

शीट उघडली एकदाची. विषय: मोल्सवर्थ हे इंग्लिश आडनाव आलं कुठून, गेलं कुठे कुठे, आणि इतक्या कमी लोकांकडे का राहिलं. आपल्याकडे शब्द अडला की "मोल्सवर्थ काढून बघ" म्हणतात, कोणीही "मोल्सवर्थचा कोश" असं पूर्ण म्हणत बसत नाही. त्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची वाढवलेली दुसरी, मग १९७५ ला पुण्यात शुभदा-सारस्वतने केलेलं पुनर्मुद्रण आणि आता शिकागो विद्यापीठाच्या साइटवरचा सर्च बॉक्स. कोशाबद्दल पुष्कळ लिहून झालंय, ते परत करायचं नाहीये. मला फक्त कव्हरवरचं आडनाव पाहिजे.

कॉलम: साल, गाव, स्पेलिंग, धंदा, कुठल्या कागदात सापडलं. शेवटचा कॉलम "भरवसा", त्यात पक्कं, चालेल आणि थांबा एवढ्या तीनच नोंदी. थांबा बराच वापरावा लागणार असं आत्ताच दिसतंय.

१२ जानेवारी

मूळ गाव सोपं आहे. मोल्सवर्थ नावाचं छोटं खेडं, जुन्या हंटिंग्डनशर काउंटीतलं, जी काउंटी १९७४ पासून केम्ब्रिजशरमधे आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने इंग्लंडभर करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, ते मोल्सवर्ड असं येतं. पहिला भाग मूल नावाच्या माणसाचा आणि वर्थ म्हणजे कुंपण घातलेलं आवार, म्हणजे मूलचं आवार. मूल हे तेव्हा चालणारं नाव होतं, केंटचा एक राजाच मूल होता आणि ६८७ मधे तिथल्या लोकांनी त्याला जाळून मारलं. आपल्या खेड्यातला मूल तो नव्हे, फक्त असं नाव लोक ठेवायचे एवढाच पुरावा.

आता इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायला पाहिजे, नाहीतर पुढचे नकाशे चुकीचे वाचले जातील. गावावरून आडनाव पडतं ते बहुतेक गाव सोडल्यावर. सातारकर हे साताऱ्यात कोणाला कशाला म्हणेल, तो पुण्यामुंबईला गेला की लोक म्हणतात. तिकडेही तेच, "दे मोल्सवर्थ" म्हणजे मोल्सवर्थहून आलेला, आणि असं त्याला दुसऱ्या गावातले लोक म्हणणार. त्यामुळे मूळ खेड्यात या आडनावाची गर्दी शोधणं फुकट आहे, सुरुवात आजूबाजूच्या काउंट्यांपासूनच करायची.

१४ जानेवारी

इंग्लंडात आडनावं वडलांकडून मुलाकडे पक्की जायला लागली ती साधारण १२०० नंतर. दक्षिणेत १३५० पर्यंत बहुतेकांची झाली, उत्तरेत अजून शंभरेक वर्षं लागली. त्याच काळात १३४८-४९ ची काळी साथ येते, तिसरा हिस्सा तरी लोक गेले, काही जण निम्मे म्हणतात. म्हणजे नुकतं चिकटलेलं आडनाव आणि लगेच ही चाळणी. एखाद्या नावाची दोनच घरं असतील आणि दोन्ही गेली तर नाव संपलं, कुठे नोंदसुद्धा नाही. आज दुर्मिळ म्हणून जी आडनावं दिसतात ती या चाळणीतून एखाददुसऱ्या घराने वाचलेली असू शकतात हे धरून चालायचं.

मोल्सवर्थच्या बाबतीत सरदारांच्या वंशावळींची पुस्तकं मुळाशी सर वॉल्टर दे मोल्सवर्थला बसवतात, पहिल्या एडवर्डच्या काळात बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशरचा शेरीफ (काउंटीतला राजाचा अधिकारी), आणि राजाबरोबर धर्मयुद्धावर गेला असंही सांगतात. शेरीफपणा ठीक आहे, तो सरकारी कागदात येणारा प्रकार. पण त्याच्यापासून १५०० पर्यंत बाप-मुलगा-बाप-मुलगा अशी न तुटणारी साखळी लावलीय ती बघून मला आपल्याकडच्या काही कुळकथा आठवल्या, ज्यात सगळेच कुठल्यातरी किल्लेदाराचे वंशज असतात. साखळीला थांबा.

१९ जानेवारी

आजचं काम किचकट पण महत्त्वाचं. चेशरमधे मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळंच गाव आहे. ते मूलचं आवार नाही, त्याचा पहिला भाग टेकडीवरून आलाय. गाव वेगळं, काउंटी वेगळी, मधे निम्मं इंग्लंड, पण ड गिळला की उच्चार जवळजवळ सारखा, आणि रजिस्टरात लिहिणारा चर्चचा कारकून कानाने ऐकून लिहिणार. पॅरिश रजिस्टर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहायची वही, ठेवायचा हुकूम १५३८ चा आहे, तेव्हापासून मोल्सवर्थ, मोल्स्वर्थ, मौल्सवर्थ, मोल्ड्सवर्थ अशी सगळी स्पेलिंगं एकमेकांत मिसळतात, एकाच घरातल्या दोन भावंडांच्या बाप्तिस्म्यालाही वेगळी असू शकतात.

म्हणून चेशर आणि लँकाशरमधली घरं मी वेगळ्या रंगात टाकतोय. आडनाव एक पण मुळं दोन असू शकतात, आणि अशा वेळी "देशात या नावाचे एकूण इतके लोक" हा आकडा मोठ्या ऐटीत दिला जातो पण त्याला फारसा अर्थ नसतो, सातारकर आणि सातारडेकर एकत्र मोजून एकूण लिहिण्यातला प्रकार. बेरजेचा कॉलम लपवून ठेवलाय. आधी वर्गवारी.

(आपणही कमी नाही. मराठी कॅटलॉगमधे मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेस्वर्थ तिन्ही आहेत आणि तिन्ही शोधावी लागतात.)

२० जानेवारी

जनगणनेचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. घरातल्या प्रत्येकाचं नाव असलेली देशभरची जनगणना १८४१ पासून, पण तिच्यात मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत आणि जन्मगाव नाही, काउंटीतलाच का एवढाच प्रश्न, त्यामुळे खरा उपयोग १८५१ पासून. दर दहा वर्षांनी १९२१ पर्यंत. १९३१ ची १९४२ च्या आगीत जळली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, मधलं भोक युद्धाच्या सुरुवातीला सरकारने केलेल्या १९३९ च्या नावनोंदणी रजिस्टरने थोडंफार भरतं. आडनावांचे नकाशे लोक बहुतेक १८८१ वर काढतात कारण ती सगळ्यात आधी पूर्ण टाइप करून झाली आणि तोपर्यंत गावंच्या गावं शहरात आली तरी जुने पुंजके अजून दिसतात.

२५ जानेवारी

सर्चमधे कचरा फार येतोय. मोल्सवर्थ टाकलं की पहिल्यांदा येतो विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात त्या खेड्याशेजारी अमेरिकन बी-१७ बॉम्बर होते, मग १९८० मधे सरकारने जाहीर केलं की ग्रीनहॅम कॉमनच्या तळाबरोबर इथेही क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवणार. शांततावाद्यांनी तळ ठोकला आणि फेब्रुवारी १९८५ मधे त्यांना उठवायला रातोरात सैन्य आलं, संरक्षणमंत्री हेझल्टाइन लष्करी जाकीट घालून हजर, ते फोटो तिकडे फार गाजले. १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर क्षेपणास्त्रं गेली. हे सगळं वाचण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि आडनावाच्या कामाला उपयोग शून्य. मग येतो नायजेल मोल्सवर्थ, १९५० च्या दशकातलं विनोदी शाळकरी पात्र, स्पेलिंगच्या बाबतीत कारकुनांच्याही वरताण. दोन्ही फिल्टर केले.

२६ जानेवारी

सुट्टी, म्हणून खानदानी लोक एकदाचे संपवून टाकले.

कॉर्नवॉल फांदी: जॉन मोल्सवर्थ, एलिझाबेथ राणीच्या काळात डची ऑफ कॉर्नवॉल या युवराजाच्या जहागिरीचा ऑडिटर, पेंकॅरो नावाच्या इस्टेटीवर स्थिरावला. म्हणजे नोकरीच्या निमित्ताने नाव देशाच्या पार नैर्ऋत्य टोकाला. त्याच्या बायकोचं माहेर हेंडर, आणि पुढे नातवाचं पहिलं नावच हेंडर. हा हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा गव्हर्नर झाला, गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला माणूसही होता, आणि १६८९ ला बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारं सर.

आयर्लंड फांदी: रॉबर्ट मोल्सवर्थ, १६५६ ला डब्लिनमधे जन्म, वडील तिथले व्यापारी. डेन्मार्कला राजदूत होता, परत येऊन १६९४ ला त्या देशातल्या एकतंत्री राजवटीवर असं पुस्तक लिहिलं की डॅनिश सरकारने तक्रार केली, १७१६ ला व्हायकाउंट, म्हणजे बॅरोनेटच्या वरचा सरदार. १७२० च्या साउथ सी बबलमधे, म्हणजे फुटलेल्या शेअरच्या फुग्यात, पैसे घालवले. त्याच्या आईचं माहेर बिस, म्हणून एका मुलाचं नाव बिस मोल्सवर्थ.

ही ट्रिक वापरण्यासारखी आहे. आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव मुलाचं पहिलं नाव म्हणून द्यायची पद्धत, त्यामुळे हेंडर, बिस, कूट, पिगट अशी नावं दिसली की फांदी ओळखता येते. जॉन, विल्यम आणि थॉमस यांचं मात्र काही करता येत नाही.

२ फेब्रुवारी

नकाशे दोन करायचं ठरवलं. एक माणसांचा, एक नावाचा, आणि दोन्ही शेजारी ठेवले तर फरक बघण्यासारखा.

नावाचा नकाशा जगभर आहे. डब्लिनमधे मोल्सवर्थ स्ट्रीट, थेट आयरिश संसदेच्या फाटकासमोर निघते. न्यूझीलंडात वेलिंग्टनची मोल्सवर्थ स्ट्रीट, तीही संसदेला लागून. त्याच देशात मोल्सवर्थ स्टेशन, गुराढोरांचं फार्म, साधारण १,८०,००० हेक्टर, तिथलं सगळ्यात मोठं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियात एक मोल्सवर्थ गाव, टास्मानियात दुसरं. लँकाशरमधे रॉचडेलला मोल्सवर्थ स्ट्रीट. हे बघून कोणालाही वाटेल की वा, केवढं पसरलंय आडनाव! पण यातल्या बऱ्याच पाट्यांमागे मोजून तीन-चार माणसं आहेत. वेलिंग्टनची पाटी सर विल्यम मोल्सवर्थची, जो पेंकॅरोचा आठवा बॅरोनेट, न्यूझीलंड कंपनीचा डायरेक्टर, ऑस्ट्रेलियाला कैदी पाठवायच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या १८३७-३८ च्या संसदीय समितीचा अध्यक्ष आणि १८५५ ला शेवटचे काही महिने वसाहतमंत्री. हॉब्ज या इंग्लिश तत्त्वज्ञाचे सगळे ग्रंथ त्याने संपादून छापले. त्याच्या पेंकॅरोच्या बागेत लावलेल्या चिलीच्या काटेरी झाडाकडे बघून एक पाहुणा म्हणाला की यावर चढताना माकडाचंही डोकं चालणार नाही, आणि त्या झाडाचं इंग्लिश नाव मंकी पझल पडलं. असा सगळीकडे ठसा उमटवलेला माणूस, मूलबाळ मात्र नाही. १८५५ ला गेला, बॅरोनेटपद चुलतभावाकडे.

म्हणजे ज्याचं नाव सगळ्यात जास्त पाट्यांवर आहे त्याने जनगणनेच्या कॉलममधे एकही माणूस वाढवला नाही. माझ्या दृष्टीने या प्रकल्पातली ही सगळ्यात कामाची ओळ आहे.

३ फेब्रुवारी

वरच्याला जोडून: खानदानी घरांची नोंद प्रत्येक कागदात सापडते, मृत्युपत्र, खटला, संसद, चर्चमधली संगमरवरी पाटी. शेतमजूर किंवा विणकर मोल्सवर्थ बाप्तिस्मा, लग्न आणि दफन असा तीनदाच दिसतो. शीटमधे आत्ता ओळींच्या हिशोबाने अर्धा देश बॅरोनेट वाटतोय. म्हणून नियम केला, एका माणसाची एकच ओळ, कागद कितीही असोत.

९ फेब्रुवारी

बायकांचा कॉलम. यावर कोणी फार लिहीत नाही आणि मला तर हाच भाग सगळ्यात जास्त आवडला.

मार्था मौल्सवर्थ, जन्म १५७७, माहेरचं आडनाव डॉर्सेट. वडलांनी तिला लॅटिन शिकवलं. तीन लग्नं, पहिला नवरा लंडनचा सोनार प्रिन, दुसरा थरोगुड, तिसरा बेव्हिल मोल्सवर्थ. तिन्ही वारले. १६३२ मधे पंचावन्नाव्या वाढदिवसाला तिने स्वतःच्या आयुष्यावर कविता लिहिली, वर्षाला दोन ओळी म्हणजे ११० ओळी, आणि त्यात बायकांसाठी विद्यापीठ असतं तर, असंही म्हणून गेली. इंग्लिशमधल्या बाईने लिहिलेल्या सगळ्यात जुन्या आत्मचरित्रात्मक कवितांमधे ती धरतात. आता ही मोजायची कुठे? चार आडनावं, त्यातलं एक आपलं, तेही मौ लावून. मग व्हिक्टोरियन काळातली मिसेस मोल्सवर्थ, मुलांच्या गोष्टी लिहिणारी, खूप खपायच्या, जन्म १८३९ ला रॉटरडॅममधे आणि माहेरचं आडनाव स्ट्युअर्ट. १८६१ ला मेजर मोल्सवर्थशी लग्न, पुढे नवऱ्यापासून वेगळी झाली पण पुस्तकांवर आडनाव त्याचंच राहिलं.

साहित्यात हे आडनाव गाजवलं ते लग्न करून आलेल्या दोन बायकांनी. आणि मोल्सवर्थ घरात जन्मलेल्या मुली लग्न झाल्या दिवशी शीटमधून गायब होतात. त्यांच्यासाठी वेगळी टॅब केली, "गेल्या कुठे". नाहीतर आडनावाचा इतिहास म्हणजे निव्वळ पुरुषांची शिरगणती.

१५ फेब्रुवारी

दुर्मिळ का, याचं गणित. १८७३ मधे फ्रान्सिस गॉल्टनने एका शैक्षणिक मासिकात कोडं टाकलं की मोठ्या घराण्यांची आडनावं एवढी पटापट का संपतात, आणि हेन्री वॉटसन नावाच्या पाद्रीबुवांनी उत्तर पाठवलं, १८७४ ला दोघांनी मिळून पेपर केला. आज त्याला गॉल्टन-वॉटसन प्रक्रिया म्हणतात, अणूंच्या साखळी प्रक्रियांपासून साथीच्या रोगांपर्यंत वापरतात. सोप्यात असं: प्रत्येक पुरुषामागे नाव पुढे नेणारे मुलगे सरासरी एक किंवा कमी असले तर नाव आज ना उद्या संपतंच. एकापेक्षा जास्त असले तर टिकायची शक्यता आहे, खात्री नाही. (वॉटसननी सगळीच संपणार असं उत्तर काढलं होतं, ते चुकीचं निघालं, आणि गंमत म्हणजे फ्रान्समधे बिएनेमेने योग्य उत्तर १८४५ लाच लिहून ठेवलं होतं.)

आणि नाव टिकणार की नाही ते बहुतेक सुरुवातीच्या काही पिढ्यांतच ठरतं, एकदा चाळीस-पन्नास घरं झाली की मग पुसणं कठीण. इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या १८०१ ला ८९ लाखांच्या आसपास, १९०१ ला सव्वातीन कोटी. त्यामुळे १८०० पर्यंत ज्यांनी तग धरला त्यांना या लाटेचा फायदा झाला, पण सगळ्यांनाच झाला, स्मिथनाही झाला, म्हणून दुर्मिळ ते दुर्मिळच राहिलं.

व्हायकाउंट घराण्यात हे गणित चालताना दिसतं. तिसरा व्हायकाउंट रिचर्ड, १७०६ च्या रामिली लढाईत इंग्लिश सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो घोड्यावरून पडला तेव्हा आपला घोडा त्याला देऊन वाचवणारा, त्याचा एकुलता मुलगा चौथा झाला आणि १७९३ ला लग्नाशिवाय गेला. टायटल चुलत फांदीकडे. सहावा व्हायकाउंट सिलोनहून बायकोसह घरी निघाला अर्निस्टन जहाजाने, जहाजावर अचूक वेळ दाखवणारं क्रोनोमीटर नव्हतं, रेखांश चुकला, आणि ३० मे १८१५ ला ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ फुटलं. ३७२ बुडाले, सहा वाचले. टायटल परत चुलत फांदीकडे. एवढी मोठी घराणी, जेवायला कमी नाही, डॉक्टर दाराशी, तरी मुलगा ते मुलगा धागा टिकत नाही. मग मजुराच्या घरचं काय असेल.

२२ फेब्रुवारी

डीएनए. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो, आडनावही तसंच, म्हणून दोन्ही ताडून बघता येतात. २००० मधे साइक्स आडनावावर पहिला गाजलेला अभ्यास झाला, ४८ साइक्स पुरुषांपैकी ४४ टक्क्यांच्या आसपास एकाच प्रकारचा वाय. मग लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंगनी २००९ ला ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. निकाल असा की स्मिथ आणि स्मिथ यांचं नातं रस्त्यावरच्या कोणत्याही दोन माणसांपेक्षा जास्त नाही, लोहार गावोगावी होते. पण आडनाव जितकं दुर्मिळ तितका एकच मूळपुरुष असायची शक्यता जास्त. अॅटनबरोमधे तर ८७ टक्के पुरुष एकाच गटात, आणि तो गट ब्रिटनमधे एरवी कमीच दिसतो. अॅटनबरोही गावावरून पडलेलं, नॉटिंगहॅमजवळचं. गांधी सिनेमा करणारे रिचर्ड आणि प्राण्यांचे डेव्हिड यांचं आडनाव म्हणून आपल्याला घरचं वाटतं, पण तेही दुर्मिळच.

मोल्सवर्थसाठी हे का हवं तर १९ जानेवारीची भानगड. हंटिंग्डनवाले आणि चेशरवाले वेगळे असतील तर दोन पुंजके पडायला पाहिजेत. कागदांनी जे सुटत नाही ते इथे सुटू शकतं, अर्थात दत्तक, लग्नाबाहेरची मुलं, इस्टेटीसाठी बदललेलं आडनाव हे सगळं धरून. कॉर्नवॉलच्या घराने सेंट ऑबिन जोडून डबल बॅरल, म्हणजे जोडआडनाव, केलंच की.

आणि जमैका. तिथे गुलाम केलेल्या लोकांना मालकांची आडनावं लागली, त्यामुळे कॅरिबियनमधली इंग्लिश आडनावं हा वेगळा आणि जड विषय आहे. तो इंग्लंडच्या बेरजेखाली तळटीप म्हणून टाकायचा नाही. वेगळी टॅब, वेगळे कागद.

१ मार्च

इकडे, म्हणजे आपल्या भागात आलेले मोल्सवर्थ एकत्र केले. कोशकार जेम्स थॉमस, जन्म १७९५, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी, कोशाच्या कामात जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ बरोबर आणि शास्त्रीमंडळी हाताशी. इंग्रजी-मराठी कोश याने सुरू केला तो थॉमस कँडीने १८४७ ला पूर्ण केला. आपल्या लोकांनी त्याला मोलेसरशास्त्री करून टाकलं होतं, म्हणजे स्पेलिंगच्या टॅबमधे अजून एक प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात भारी. (कँडी हेही आडनाव शोधण्यासारखं आहे. पुढे कधीतरी.)

दुसरा गिलफर्ड मोल्सवर्थ, १८२८ ते १९२५, इंजिनियर, आधी सिलोनमधे आणि मग १८७१ पासून हिंदुस्थान सरकारच्या रेल्वेचा कन्सल्टिंग इंजिनियर. याचं खिशात मावणारं सूत्रांचं पुस्तक इंजिनियर लोक बरोबर घेऊन हिंडायचे. त्यांच्यात "मोल्सवर्थ काढ" म्हणजे शब्द नाही, तुळईचा हिशोब. याचे वडील रॉचडेलचे व्हिकार (तिथल्या चर्चचे पाद्री), म्हणजे लँकाशरच्या नकाशावर रॉचडेलचा जो ठिपका आहे तो जुन्या स्थानिक घरांत धरायचा नाही, ते आयरिश व्हायकाउंट फांदीतून नोकरीने आलेले. रंग बदलला.

८ मार्च

ताईला मेसेज केला, ती पीटरबरोला असते. ती म्हणाली, "अरे ए-१४ हायवेवरून जाताना पाटी दिसते तुझ्या मोल्सवर्थची, मला वाटायचं डिक्शनरीवाला तिथलाच." म्हटलं, ताई, त्याच्या कित्येक पिढ्या आधीच नाव तिथून निघालेलं. हंटिंग्डनला काउंटीचं अर्काइव्ह आहे, तिथे एक शनिवार जायचं तिने कबूल केलंय. यादी पाठवली: मोल्सवर्थ आणि शेजारच्या ब्रिंग्टन, बायथॉर्न, कीस्टन या गावांची रजिस्टरं, १७०० च्या आधीची, चूल-कराच्या याद्या मिळाल्या तर त्याही. चूल-कर म्हणजे १६६२ ते १६८९ घरातल्या चुली मोजून घेतलेला कर, त्यात गरिबांचीही नावं बऱ्याचदा येतात, माफी मिळाली म्हणून का होईना.

माझ्याकडचं काम ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या जुन्या खात्याच्या, कागदांचं. कंपनीच्या सैन्यात भरती होताना कॅडेटला बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागायचा, त्यात आईबापांची नावं आणि पॅरिश असते. जेम्स थॉमसचा तो दाखला मागवायचा, फी भरायची, आणि तोपर्यंत शीटमधे त्याची ओळ कुठल्याच फांदीच्या रंगात टाकायची नाही.